आधी ओलं करा

आमच्या धंद्यात माणूस आधी डोळे मिटतो आणि मग पाय पुढं करतो. माझी सारी नोकरी असे मिटलेले डोळे पाहण्यात गेली. मी डॉक्टर नव्हतो, कंपाउंडर नव्हतो. सरकारी दवाखान्यात ड्रेसर होतो, म्हणजे जखम धुणारा, मलम लावणारा, पट्टी बांधणारा. मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखात, काही वर्षं सौंसर, काही वर्षं पांढुर्णा, मधे दोन-तीन लहान ठिकाणं. माझं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक. बाकी सगळ्यांसाठी मी पट्टीभाऊ. अजूनही भरबाजारात एखादा म्हातारा मला पाहून पायजमा गुडघ्यापर्यंत वर करतो आणि म्हणतो, "पट्टीभाऊ, पाहा बरं, वण बी राह्यला नाई!" भाजीवाल्या हसतात. मी मात्र वाकून नीट पाहतो. सरकारच्या पेन्शनीशिवाय मला मिळणारी ही दुसरी पेन्शन आहे, आणि ती कधी थकत नाही.

दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलंय म्हटल्यावर ओळखीचे सगळे म्हणाले, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचं लिही. पांढुर्ण्यात त्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांवर दगड मारतात, डोकी फुटतात, टीव्हीवाले येतात. त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. फुटलेलं डोकं शिवून बांधायला अर्धा तास लागतो आणि ते लवकर भरूनही येतं. मला लिहायचं आहे ते सावकाश भरणाऱ्या एका जखमेबद्दल.

त्याआधी धंद्याविषयी थोडं. लोकांना वाटतं, मलमानं जखम बरी होते. तसं नसतं. जखम स्वतःची स्वतः भरते, आतून वर आणि काठाकडून मधे. आपलं काम एवढंच, की तिच्या वाटेतली घाण काढायची आणि नव्यानं धरलेलं मांस उगाच दुखवायचं नाही. हे दुसरं काम जास्त अवघड.

आमच्याकडं आणखी एक काम ड्रेसरकडं आपोआप येतं. डॉक्टर बहुधा जबलपूर, सागर, रीवाकडचे, आणि पेशंट आपले मराठी. डॉक्टर विचारणार, "दर्द कैसा है?" आणि बाई सांगणार, "ठसठसून राहिलं जी." डॉक्टर माझ्याकडं पाहणार. मग मी सांगायचो. ठसठसतं म्हणजे आत पू धरला असेल. चुरचुरतं म्हणजे वरची कातडी गेली. झोंबतं म्हणजे औषध लागलं. सलतं म्हणजे आत काहीतरी राहिलं. एका माणसाच्या तळव्याला वरून काहीच दिसत नव्हतं, पण तो "सलते" या एका शब्दावर अडून बसला होता. मी डॉक्टरांच्या मागं लागून तळवा पुन्हा उघडायला लावला. आतून बाभळीचा काटा निघाला. डॉक्टर म्हणाले, "आपकी मराठी तो एक्स-रे है."

गिऱ्हाइकंही एकेक. भाजलेल्या हाताला टूथपेस्ट फासून येणारे तर रोजचेच. एक मास्तर होते, ते करंगळीला खरचटलं तरी कोपरापर्यंत पट्टी मागत. म्हणत, "लहान बांधली का घरचे कामाले लावते." मी बांधून द्यायचो. वर गाठ जरा मोठी मारायचो.

हे सगळं मी फुशारकीनं सांगतो आहे. पण जे सांगायला बसलो, त्यात माझी काही फुशारकी नाही. म्हणूनच ते कोणत्या दवाखान्यात घडलं, हेही सांगत नाही.

शेवंताबाई पन्नाशीची होती. रामाकोन्याहून आत जाणाऱ्या वाटेवरच्या एका खेड्यातली. नवरा वारलेला, एकुलता मुलगा गुजरातेत कामाला. ती दुसऱ्याच्या शेतात निंदायला, वेचायला जायची. त्या वर्षी श्रावणात कपाशी निंदताना धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या, गवतात तिला घोणस चावली. डाव्या पायाला, घोट्याच्या वर. विषावरचं औषध वेळेवर मिळालं, म्हणून जीव वाचला. पण घोणशीचं विष मांस सडवतं. नागपूरला काळी पडलेली कातडी काढून टाकली आणि पंधरा दिवसांनी घरी पाठवलं. तेव्हा घोट्यापासून पोटरीकडं तळहाताएवढी जखम उघडी होती. दिवसाआड ड्रेसिंग करायचं होतं. आमच्या डॉक्टरांनी कागद वाचले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "इन्फेक्शन हुआ तो पैर जाएगा. ध्यान रखना."

पहिल्या दिवशी ती आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. जोडीचा ड्रेसर सुटीवर, सकाळपासून रांग हटलेली नाही, आणि मी नुसत्या चहावर. जखमेला गॉज, म्हणजे पट्टीखालचं जाळीदार कापड, चिकटतं, म्हणून काढण्याआधी त्यावर सलाइनचं पाणी ओतून पाच मिनिटं थांबायचं असतं. मग ते सुटून येतं. धंद्यातला हा पहिला धडा. त्या दिवशी मला वाटलं, माझ्याजवळ पाच मिनिटं नाहीत. मी चिमट्यानं टोक धरलं आणि कोरडंच ओढलं.

जखमेवर रक्ताचे बारीक थेंब फुटले. शेवंताबाईनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. ओरडली नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं खांद्याला पुसलं. मी वर न पाहता जखम धुतली, नवी पट्टी बांधली. गाठ मारताना ती म्हणाली, "भाऊ, तुमी जेवले का?"

मी म्हटलं, "काहून?"

"तुमचा हात थरथर कापून राहिला. मघापासून पाहून राहिली मी." मग तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकर काढली. "माह्याजवळ दोन हायेत. एक घ्या."

मी नको म्हटलं. शरमेनं म्हटलं, खरं तर. ती टेबलावरून खाली उतरून लंगडत गेली. पुढच्या माणसाला बसवताना पाहिलं, तर खिडकीत ती भाकर ठेवलेली. वर मिरचीचा ठेचा. रांग संपल्यावर हात धुण्याच्या नळाजवळ उभं राहून मी ती खाल्ली. अर्धी खाऊन झाल्यावर घास उतरेना. जिची कातडी मी आत्ता सोलली, तिची ही भाकर होती. पण भूकही खरी होती, म्हणून उरलेली अर्धीही खाल्ली.

त्या दिवसानंतर मी कोणाचंही गॉज कोरडं ओढलं नाही. रांग दारापर्यंत गेली तरी नाही. पण शेवंताबाईची माफी काही मागितली नाही. सरकारी माणसाला ती सवय नसते.

तिच्यासोबत एक बाई यायची आणि बाहेरच्या बाकावर बसायची. ताराबाई. ज्या शेतात साप चावला, त्या शेताची मालकीण. वय साठीचं, संत्र्याचा बगीचा आणि कपाशी नवऱ्यामागं एकटीनं सांभाळणारी, बोलायला कडक, हातात सोन्याच्या पाटल्या. दिवसाआड ऑटो ठरवून शेवंताबाईला घेऊन यायची, दारापर्यंत आणून सोडायची, पण आत पाऊल टाकायची नाही. नाकाला पदर लावून भिंतीकडं पाहत बसायची. एकदा मी चहा पाठवला, तर "आत्ताच झाला" म्हणून परत. मी मनात म्हटलं, आमच्या हातचा नको असेल. शेतात साप चावला, उद्या कोणी बोल लावू नये, म्हणून बाई हे सारं करून राहिली. माणसाबद्दल असं मत बनवायला फार वेळ लागत नाही.

भाद्रपदात पावसानं जोर धरला. त्यांच्या गावाला जाणाऱ्या वाटेवर नाला आहे आणि नाल्यावर रपटा. रपटा म्हणजे बुटका पूल. जरा पाणी वाढलं की तो पाण्याखाली. एकदा दोन दिवस वाट बंद राहिली. शेवंताबाई चौथ्या दिवशी आली, तेव्हा पट्टीला वास येत होता. डॉक्टर म्हणाले, आता एकही दिवस चुकायला नको, नाहीतर नागपूरला भरती व्हा. भरती व्हायचं तर जवळ राहायला कोण? मी तिला विचारलं, "गावात कोणी शिकंल का? मी सामान देतो, रीत शिकवतो."

"शेजारीण हाय, पण रगत पाहून तिले भोवळ येते."

दार उघडं होतं. बाकावर सगळं ऐकू जात होतं. मग ताराबाई उठून दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली.

"मले शिकवा," ती म्हणाली.

शेवंताबाई टेबलावर ताठ झाली. "नाई नाई, बाई. तुमी माह्या पायाले हात लावसान? लोक काय म्हणतीन!"

"लोकाईचा पाय हाय का थो?" ताराबाई म्हणाली आणि आत आली.

मी तिला हात धुवायला सांगितले. ती पाटल्या काढायला लागली. बऱ्याच वर्षांत काढल्या नसाव्यात. साबण लावला, पुन्हा लावला, मनगट लाल झालं तेव्हा एकेक निघाली. रुमालात बांधून तिनं त्या शेवंताबाईच्या मांडीवर ठेवल्या, "धर." मग कोपरापर्यंत हात धुतले.

मी चिमटा दिला. नव्या माणसाला घाई होते. तिनं गॉजचं टोक धरलं आणि ओढायला निघाली. मी तिचं मनगटच धरलं.

"आधी ओलं करा, बाई."

तिनं सलाइन ओतलं. "आता?"

"आता पाच मिनिटं थांबा."

ताराबाई चिमटा हातात धरून पायाकडं पाहत बसली. मग शेवंताबाईनंच विचारलं, "बगीच्यात फळ गळून राहिलं का जी?"

"गळून राहिलं. नाल्याकडच्या चार ओळी तर पाहवत नाई."

"पाणी साचलं असंल बुडाशी. चर खोदून पाणी काढून द्या ना."

"तूच ये मंग अन् खोद," ताराबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. त्या हसण्यात गॉज कधी सुटलं, ते मलाही कळलं नाही. ताराबाईनं जखम पाहिली. मग तिनं मी सांगितलं तसं धुतलं, मलम लावलं, पट्टी बांधली. गाठ चुकीची मारली. मी सोडून पुन्हा मारायला लावली. चारदा येऊन ती शिकली. पाचव्यांदा मी नुसता बाजूला उभा राहिलो, आणि त्या दिवशी पाच ड्रेसिंगचं सामान बांधून दिलं.

ते दिलं आणि दुसऱ्याच दिवशी पाऊस लागला. असा लागला की रपट्याचा पत्ताच नाही. गावातली लाइट गेली, फोन लागेना. ड्रेसिंग दिवसाआड, म्हणजे सामान दहा दिवसांचं. अकरावा दिवस उजाडला तरी ऑटो येईना. मी रामाकोन्याच्या बसवाल्यांना विचारायचो. ते म्हणायचे, वाट बंद आहे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की आपण नातेवाइकांना "चिंता करू नका" किती सहज सांगतो. त्या बाईचा पाय मी एका साठीच्या शेतकरणीच्या हातात देऊन बसलो होतो. धुताना काही चुकलं असलं तर? साधंच पाणी वापरलं असलं तर?

चौदाव्या दिवशी पाणी गुडघ्यापर्यंत उतरल्याचं कळलं. मी सुटी टाकली, सामानाची पिशवी घेतली, बसनं रामाकोना गाठलं आणि तिथून चालत निघालो. रपट्यावर तिकडची दोन माणसं उभी होती. त्यांनी विचारलं, "कोणाकडं?" मी सांगितलं. एकानं माझी पिशवी डोक्यावर घेतली, दुसऱ्यानं हात धरला आणि पलीकडं नेऊन सोडलं. नावसुद्धा विचारलं नाही.

शेवंताबाईच्या घराला कुलूप होतं. मी शेजारी विचारलं. शेजारीण म्हणाली, "थे तं मालकिणीच्या घरी हाय. इथं घर गळून राहिलं होतं ना."

ताराबाईच्या छपरीत, म्हणजे ओसरीत, बाजेवर शेवंताबाई पाय उशीवर ठेवून लसूण सोलत बसली होती. मला पाहून म्हणाली, "जयभीम, भाऊ! इतक्या पाण्यात काहून आले?"

मी उत्तर न देता हात धुतले आणि पट्टी सोडली. आत गॉज नव्हतं. पांढऱ्या सुती कापडाच्या चौकोनी घड्या होत्या, सारख्या मापाच्या. मी सलाइन ओतलं, थांबलो, घडी उचलली. जखम लालबुंद, दाणेदार होती. वास नाही, पू नाही. चहूकडच्या काठांवरून नव्या कातडीची फिकी गुलाबी किनार आत सरकलेली. एवढी वर्षं या कामात काढली, पण माझ्या हातची जखम इतकी नीट भरलेली मी क्वचित पाहिली असेल. मला तेवढा वेळ कधी मिळाला नव्हता. ताराबाईनं दिला होता.

"हे कापड कशाचं?" मी विचारलं.

ताराबाई चूल फुंकत होती. "तुमचं सामान सरलं. आमच्या घरधन्याचं एक कोरं धोतर होतं पेटीत. एकदाबी नेसले नव्हते. थेच फाडलं."

"पण धुतलं कसं? वाळवलं कुठं, या पावसात?"

"उकळलं. अन् कोळशाच्या इस्त्रीनं वाळवलं." मग जरा दरडावूनच म्हणाली, "पाणीबी उकळून, मीठ टाकून, थंड करून घेतलं. तुमीच तं सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. पण सांगितलेलं इतकं तंतोतंत पाळणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

तिनं चहा आणला. घरातल्या, फुलाफुलांच्या कपात. तिघांनी एकत्र घेतला. मग ती कप तसाच हातात धरून, माझ्याकडं न पाहता म्हणाली, "भाऊ, एक सांगाचं हाय. त्या दिवशी धुऱ्याकडं जाले बाया तयार नव्हत्या. गवत लय वाढलं होतं. मीच हिले म्हटलं, तू जा, तू कोणाले भेत नाईस. दवाखान्यात मी आत येत नव्हती, थे वासानं नाई. थो पाय पाहाची माही हिंमत नव्हती."

मी बाकावरच्या त्या बाईबद्दल मनात काय काय म्हटलं होतं, ते सारं आठवत होतं.

लसणाची पाकळी सोलता सोलता शेवंताबाई म्हणाली, "मले मालूम हाय ना, बाई. गवत काढून घ्या म्हणून म्या दोनदा सांगितलं होतं. थे चुकलं तुमचं." जरा थांबून म्हणाली, "पण सापाले काई तुमी पाठवलं नव्हतं."

ताराबाईनं पदर डोळ्यांना लावला. हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

"आता काढून घ्या थे गवत," शेवंताबाई म्हणाली. "दुसऱ्या बाया जातीन तिथं."

"काढलं. त्याच दिवशी काढलं."

एवढं सगळं मोकळं झाल्यावर मलाही राहवेना. मी म्हटलं, "बाई, पहिल्या दिवशी मीबी चुकलो. गॉज कोरडंच ओढलं होतं."

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या, काही नाही. ती म्हणाली, "हौ. लय दुखलं होतं, भाऊ." आणि मग म्हणाली, "भूक लागली का माणूस तसंच करते."

खोटं बोलून तिनं मला सोडवलं नाही. खरं सांगून सोडवलं. मी त्या भाकरीबद्दल तिचे आभार मानले, इतक्या दिवसांनी. तिला ती आठवतही नव्हती. "कोणती भाकर?" असं तिनं विचारलं, आणि मी सांगायला लागलो तर ताराबाई म्हणाली, "आता जेवूनच जा." जेवलो. वांग्याची भाजी होती आणि त्यात तोच लसूण.

परत निघालो तेव्हा ताराबाईनं गॉजचं माझं सामान नीट मोजून ठेवून घेतलं आणि उरलेल्या धोतराच्या घड्या मला दिल्या. "दवाखान्यात कोणाच्या कामी येतीन." सरकारी दवाखान्यात असं कापड चालत नाही. पण मी घेतल्या. नाही म्हणता आलं नाही.

दिवाळीला चार दिवस असताना दोघी आल्या. ताराबाई या वेळी बाकावर बसली नाही, सरळ आत आली आणि तिनंच पट्टी सोडली. खाली नवी, पातळ, चकचकीत कातडी होती. जखम राहिली नव्हती. डॉक्टरांनी बोटानं दाबून पाहिलं आणि ताराबाईला विचारलं, "आप नर्स हैं क्या?" ताराबाई म्हणाली, "नाई, मी शेतकरीण हाय," आणि लाजली. कडक बाई लाजताना पाहणं हाही एक अनुभव असतो.

मी शेवंताबाईला सांगितलं, "आता येऊ नका." आमच्या धंद्यातलं सगळ्यांत गोड वाक्य हेच. ते बोलायला मिळावं म्हणून बाकीचे सगळे दिवस काढायचे.

ताराबाई ऑटो पाहायला निघाली, तर शेवंताबाई म्हणाली, "ऑटो नको जी. बस स्टँडपर्यंत पायी जाऊ. पाहू तं द्या मले चालून." दोघी निघाल्या. मी दारात उभा राहिलो. दहा-बारा पावलं गेल्यावर मी पाहिलं, शेवंताबाई दर पावलाला एका अंगाला कलत होती. मी मागून हाक मारली, "बाई, थांबा! लंगडता काहून? आत दुखते का?"

ती थांबली, वळली, आणि साडी जरा वर धरून तिनं दोन्ही पाय पुढं केले. साप चावला त्याच्या आधल्या बाजारात घेतलेला चपलांचा जोड होता. अडीच महिने पट्टीमुळं डावी चप्पल घरीच पडून होती. उजवी झिजून पापडासारखी झालेली, डावी दुकानातून आणली तशी जाड.

"पाय बराबर हाय, भाऊ," ती म्हणाली. "चपलीनं लंगडून राहिली."